चार शून्यांचं तिकीट

"लागलं! दाजी, लागलं! आपल्या टपरीचं लागलं!"

माझा मेव्हणा प्लास्टिकच्या स्टुलावर चढून ओरडत होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पेटती उदबत्ती. नांदेडच्या बसस्टँडसमोर त्याची लॉटरीची टपरी होती आणि आवाज सासऱ्यांकडून वारशात आलेला. देगलूरला निघालेली एसटी जागेवर थांबली, ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. गोदावरीच्या पल्याड एक म्हैस दूध द्यायची थांबली असंही मला नंतर कळलं, पण तिच्या मालकाची भेट झाली नाही म्हणून ते सोडून देतो.

"कोणाचं लागलं?" शेजारच्या चहावाल्यानं विचारलं.

मेव्हणा "आपलं" म्हणायला गेला आणि तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. उदबत्तीची राख त्याच्या सदऱ्यावर पडली तरी त्याला कळलं नाही. मग तो हळूच स्टुलावरून उतरला, माझ्याजवळ आला आणि एवढ्या बारीक आवाजात बोलला की मला वाटलं दुसराच कोणी बोलतोय.

"दाजी, ते तिकीट मी एका मेलेल्या माणसाला इकलंय."

मी लातूरचा. कॉलेजात इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मेलेल्या माणसांशी माझा रोजचा संबंध. तरी भर सकाळी माझ्या दंडावर काटा आला. माझी बायको म्हणते, तुमच्या गोष्टीत दुधापेक्षा पाणी जास्त. कबूल. पण पुढं सांगतोय ते बिनपाण्याचं आहे, आणि माझ्यासोबत तिचा सख्खा भाऊ होता.

आधी टपरीचं सांगायला हवं. सासऱ्यांनी ती चालू केली, मेव्हण्यानं चालवली, आणि इतक्या वर्षांत तिथून सांगण्यासारखं एकही बक्षीस गेलं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडं दुसरी टपरी होती. तिच्यावर झेंडूची माळ घातलेला फलक: "येथून बक्षीस लागले." गिऱ्हाईक एसटीतून उतरलं की आमच्या टपरीसमोरून, नजर चुकवत, पलीकडं जायचं. लोक आमच्या टपरीला पनवती म्हणायचे. शहरातला जो मोठा वितरक तिकिटं पुरवायचा, त्यानं सरळ सांगून टाकलं होतं: या बंपर सोडतीनंतर तुझा माल बंद. टपरी दुसऱ्याला देतो.

आणि त्याच बंपरचं दुसरं बक्षीस आमच्या टपरीवर लागलं. पण फलक असा लगेच लावता येत नाही. तिकीट घेणाऱ्यानं बक्षीस मागायचं, सरकारी कचेरीनं ते मंजूर करायचं, मग वितरक फलक देणार. तिकीट घेणारा आलाच नाही तर मुदत संपल्यावर बक्षीस सरकारजमा, आणि टपरी दुसऱ्याच्या ताब्यात.

"मेलेला म्हणजे?" मी विचारलं.

मेव्हण्यानं सांगितलं ते असं. आमच्याकडं लॉटरीच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: शेवटी शून्यं असलेलं तिकीट कोणी घेत नाही. सात घेतात, पाच घेतात, कोणी पोराच्या जन्मतारखेचं घेतं, कोणी नव्या गाडीच्या नंबरचं. शून्य दिसलं की तिकीट असं परत ठेवतात, जणू त्याला शेण लागलंय. यंत्राला सगळे आकडे सारखेच, पण ते गिऱ्हाइकाला कोण सांगणार? बंपरच्या गठ्ठ्यात चार शून्यांचं एक तिकीट होतं. सोडतीच्या आधी न विकलेली तिकिटं वितरकाला परत करावी लागतात. ते परत जाणार हे मेव्हण्यानं धरूनच ठेवलं होतं.

तर एका दुपारी एक म्हातारा आला. डोकं तुळतुळीत, मिशी काढलेली, धोतर ओलं. घाटावरून दहाव्याचा विधी करून आलेला माणूस आम्हाला लांबून ओळखू येतो. बसस्टँडवर रोज दिसतात. मेव्हण्यानं सवयीनं विचारलं, "कोण गेलं, काका?"

"मीच," म्हातारा म्हणाला.

मेव्हणा हसला. दुःखात माणूस काहीही बोलतो. म्हातारा म्हणाला, "जे कोणी घेत न्हाई ते द्या." मेव्हण्यानं चार शून्यांचं काढून दिलं. सुटे द्यायला मान खाली घातली, वर पाहिलं तर समोर कोणी नाही. ओल्या पायांचे ठसे टपरीपर्यंत आलेले, परत गेलेले नाहीत.

"उन्हानं सुकले असतील," मी म्हणालो.

"येताचे सुकले न्हाईत, जाताचेच बरे सुकले?"

प्राध्यापकाकडं उत्तर नसलं की तो चष्मा पुसतो. मी चष्मा पुसला.

निकाल लागला त्या दिवसापासून टपरीच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसायला लागला. हाकलला तर उडून पुन्हा तिथंच. शेव टाकली, खाल्ली नाही. पाव टाकला, बघितला नाही. मान वाकडी करून तो फक्त खाली बघायचा, तिकिटं मांडलेल्या काचेकडं. मी लातूरला जाऊन परत आलो तरी कावळा तिथंच आणि तिकीट घेणाऱ्याचा पत्ता नाही. मुदत संपायला एकच दिवस राहिला. मेव्हण्याच्या डोळ्याखाली काळं पडलं होतं.

"दाजी, त्याच्या हातात पिशवी होती," तो एकदम म्हणाला. "जळकोटच्या कापड दुकानाची. छापलेलं होतं."

"मग इतके दिवस इथं बसून काय करायलास?"

"भीती वाटायली ना!"

आम्ही माझी गाडी काढली. वाटेत लोह्याला चहा घेतला तेव्हा मेव्हण्यानं कपाकडं बघत विचारलं, "मेलेल्या माणसाचं तिकीट सरकार धरतं का हो?"

मी त्याला नीट सांगितलं. सरकारच्या लेखी तिकीट म्हणजे कागद. तो सरकारी देखरेखीखाली छापतात, त्यात न दिसणाऱ्या खुणा असतात, म्हणजे कोणी खोटा करू नये. सोडत चारचौघांसमोर होते. कागद ज्याच्या हातात, बक्षीस त्याचं. त्यानं मागच्या बाजूला सही करायची, ओळखीचा पुरावा जोडायचा, अस्सल तिकीट कचेरीत द्यायचं. कर कापून बाकीचं त्याला. यात जिवंतपणाचा प्रश्न फक्त एकाच ठिकाणी येतो: सही करताना.

"म्हंजे मेला असला तर गेलं," मेव्हणा म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

जळकोटचा कापड दुकानदार गादीवर लोळत होता. तुळतुळीत डोक्याचा, मिशी काढलेला, उंचेला म्हातारा असं वर्णन केल्यावर तो उठून बसला.

"ते काका? ते वारले की."

मेव्हण्यानं माझा दंड धरला तो असा की त्याची बोटं अजून तिथं उमटलेली आहेत.

"कधी?"

"झालं की कितीक दिवस. आम्ही तेराव्याला जेवून आलो. बुंदी होती. जरा कडक झाली होती, पण चालतं." मग त्यानं गावाची वाट सांगितली. जवळच होतं. "घर सापडंल. कोपऱ्यावरचं. बाहेर लई कावळे असतात."

गावात शिरलो तेव्हा भर दुपार होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की सावल्या घरात जाऊन बसल्या होत्या. एका ओट्यावर एक बाई शेंगा फोडत होती. तिला विचारलं.

"ते? ते गेले की बाबा."

"घरी कोण असतं मग?"

"तेच असतात."

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. तिला त्यात काही चमत्कारिक वाटलं नव्हतं. मी मेव्हण्याकडं पाहिलं. तो मारुतीचं नाव घेत होता.

घर कोपऱ्यावर होतं. पत्र्यावर कावळे, भिंतीवर कावळे, समोरच्या बाभळीवर पानांपेक्षा कावळे जास्त. हजार असतील. बरं, बायको वाचणार आहे म्हणून शंभर धरा. पण एकही ओरडत नव्हता. इतके कावळे आणि एवढी शांतता मी जन्मात ऐकली नाही. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या.

आत अंगणात तुळतुळीत डोक्याचा म्हातारा बाजेवर बसला होता. त्याच्या मागं भिंतीवर त्याचाच फोटो, फोटोला चंदनाचा हार.

मेव्हण्यानं मागच्या मागं पळायचा बेत केला, पण त्याचा दंड आता माझ्या हातात होता.

"या," म्हातारा म्हणाला. "पाणी देता येणार न्हाई. माझ्या हातचं कोणी घेत न्हाई. माठ तिथं हाय, तुमचं तुम्ही घ्या."

आम्ही फोटोकडं पाठ करून पाणी प्यालो. म्हातारा मात्र निवांत होता. त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. बायको गेली. मूलबाळ नाही. पुतणे आहेत, पण त्यांच्या जिम्म्यावर आपलं शेवटचं सोडायला त्याचं मन धजेना. मग काही लोक करतात तसं त्यानं जिवंतपणीच स्वतःचे दिवस घातले. नांदेडला घाटावर दहावा केला, गावात तेरावं केलं, गावाला जेवू घातलं आणि हात जोडून सांगितलं: आजपासून मी मेलो. मला हाक मारू नका, लग्नाला बोलवू नका, भांडायला येऊ नका. गावानं ऐकलं. गावानं इतकं मन लावून ऐकलं की आता समोर उभा राहिला तरी लोक त्याच्या आरपार बघतात.

"एकच घोळ झाला," म्हातारा म्हणाला. "घाटावर पिंड ठेवला, अन् कावळा शिवला न्हाई."

त्यानं बाभळीवरच्या कावळ्यांकडं पाहिलं.

"ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणले, दर्भाचा कावळा करतो, तो लावतो, होतंय. मी म्हणलं, जित्या माणसाचा पिंड अन् गवताचा कावळा? सगळंच खोटं कसं चालंल? भटजी म्हणले, मग तुमची काय इच्छा राहिली ती बोला. इच्छा राहिली की कावळा शिवत न्हाई. मी लई आठवून पाहिलं. शेत आठवलं, बायको आठवली. कावळा हललाबी न्हाई."

"मग?" मेव्हणा पुढं सरकला. भीती विसरून तो आता ऐकत होता.

"मग ध्यानात आलं. आख्खा जन्म तिकीट घेतलं. उदगीरला घेतलं, लातूरला घेतलं, बायकोला चोरून घेतलं. एकदाबी नंबर आला न्हाई. बारकं बक्षीससुद्धा न्हाई. पैशाचं न्हाई हो. आपला नंबर एकदा कोणीतरी मोठ्यानं वाचावा, एवढंच. म्हणून भिजल्या धोतरानं तुमच्या टपरीवर आलो. कोणी घेत न्हाई ते तिकीट मागितलं, म्हणलं, मलाबी आता कोणी घेत न्हाई."

"काका, लागलंय!" मेव्हणा ओरडला. बाभळीवरचा एकही कावळा दचकला नाही. "दुसरं बक्षीस लागलंय! उद्या मुदत संपती! तिकीट कुठंय?"

म्हाताऱ्यानं बोट दाखवलं.

परसाच्या भिंतीवर केळीच्या पानाचा तुकडा होता. पानावर भाताचा पिंड. आणि पिंडाखाली, भाताच्या वाफेनं जरा वाकलेलं, लाल-पिवळं तिकीट. चार शून्यं बाहेर आलेली. सगळ्या कावळ्यांच्या माना तिकडंच होत्या.

मेव्हणा दोन उड्यांत भिंतीशी पोचला. हात पुढं केला. आणि हात तिथंच थांबला, पिंडापासून वीतभर.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. एवढं बक्षीस वीतभर अंतरावर, वडलांची टपरी वीतभर अंतरावर, उचलायला एक बोट पुरे. पण दुसऱ्याच्या पिंडाला हात लावायचा? हात पुढं जाईना, मागंही येईना. मी तरी काय करणार होतो? दहाव्या शतकातले शिलालेख मी मुलांना बिनधास्त समजावतो, पण भाताच्या त्या गोळ्यापुढं माझेही पाय जमिनीत रुतले.

"काका, तुम्ही काढा," मी म्हणालो. "पिंड तुमचाच आहे. मागं सही करा, आम्ही नांदेडला नेतो, पुढची सगळी तसदी आमची."

"मेलेला माणूस सही करतो का?"

"मग अंगठा द्या!" मेव्हणा रडकुंडीला आला.

"अंगठा तर गेलाच की, बाकीच्या अंगासोबत." म्हातारा बाजेवर नीट बसला. "निकाल लागल्यापासून रोज पिंड ठेवतो, खाली तिकीट ठेवतो. तरी शिवंना. मला वाटतं माझा इश्वास बसंना म्हणून. पेपरात आकडा पाहिला, पण पेपर काहीबी छापतो. तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही कधी ती सोडत डोळ्यांनी पाहिली का?"

आता इथं मी एक गोष्ट सांगून ठेवतो. मी सोडत पाहिली आहे. एकदा मुंबईला दुसऱ्याच कामासाठी एका सरकारी इमारतीत गेलो होतो, दार उघडं होतं, पंखा चालू होता, म्हणून बसलो. एवढं पुरे होतं. त्या अंगणात मी ती सोडत अशी उभी केली की दिल्लीचा दरबार फिका पडावा. सांगितलं: मोठा हॉल, समोर पाच पंच, इमानदार, एकमेकांना न ओळखणारे. कोणीही यावं, कोणीही बघावं, दाराला कडी नाही. आधी यंत्र रिकामं फिरवून दाखवतात, मग खरं. प्रत्येक घराचा, म्हणजे एकक-दशक-शतकाचा, आकडा वेगळा, प्रत्येक आकड्याला वेगळा पंच बटण दाबतो, म्हणजे कोण्या एकाच्या हातात काही राहत नाही.

"अन् माझा?" म्हाताऱ्याचा आवाज बदलला होता. "माझा कसा आला असंल?"

मी उठून उभा राहिलो. "चाक फिरलं, काका. शून्य. लोकांना वाटलं, ठीक. पुन्हा फिरलं. शून्य. पंखा बंद केल्यासारखी शांतता. पुन्हा शून्य. चौथ्या पंचानं बटणावर बोट ठेवलं आणि त्याचं बोट थरथरलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि सरकारी माणसानं माईकवर, सगळ्या महाराष्ट्रासमोर, तुमचा नंबर वाचला. पहिला आकडा ते शेवटचा. मोठ्यानं."

आणि मी तो नंबर वाचला. बसस्टँडवर मेव्हणा ओरडला होता त्याहून मोठ्यानं.

भिंतीवर एक सावली पडली.

तो कावळा मी ओळखला. नांदेडचा, टपरीच्या पत्र्यावरचा. तुम्ही म्हणाल, कावळे सगळे सारखेच. म्हणा. पण मान त्यानं तशीच वाकडी केली होती, डावीकडं. तो पानावर उतरला, मेव्हण्याच्या हाताशेजारी, त्याला न घाबरता. चोच भातात घातली. एक घास, दुसरा. मग चोचीला चिकटलेल्या भातासकट तिकीट ओढलं, आणि तो उडाला. त्याच्यामागं बाभळ उडाली, पत्रा उडाला, भिंत उडाली. सगळे एकदम ओरडत. क्षणभर उन्हाला झाकण पडलं आणि मग उघडलं.

मेव्हणा "धरा! धरा!" म्हणत शेतात धावला. नांगरटीत दोनदा पडला. कावळा कधीच ठिपका झाला होता. परत आला तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.

टपरीचं सांगतो. ती गेली. वितरकानं दुसऱ्याला दिली, त्यानं तिला नवा रंग दिला. मेव्हणा आता त्याच रस्त्यावर फळांचे रस विकतो आणि बरं चाललंय. पण कोणी तुळतुळीत डोक्याचं गिऱ्हाईक आलं की तो त्याला कोण गेलं ते विचारत नाही. मान खाली घालून ग्लास भरतो.

त्या दिवशी गाडीत बसायच्या आधी मी मात्र परत अंगणात गेलो. राहवलं नाही. म्हातारा रिकामं पान घडी घालून ठेवत होता.

"काका," मी ओरडलोच, "एवढं मोठं बक्षीस गेलं, याची टपरी गेली, तुमचं घर झालं असतं, सगळं आयुष्य झालं असतं! तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यानं पान कोनाड्यात ठेवलं आणि हात झटकले.

"शिवला न्हवं," तो म्हणाला.